गणपतीच्या आधीची सात मिनिटं

सुभेदार जोतीराम यादव माझ्या दुकानात आला तो व्हीसीआरचा पट्टा बदलून घ्यायला. दोन हजार तेवीस सालचा डिसेंबर, बारा तारीख, मंगळवार, संध्याकाळचे पाच. अमावास्या होती, पण पोरांनो, तुम्ही अमावास्येवर जाऊ नका. अमावास्येला आपोआप काही होत नसतं. जे होतं ते माणसानं आधी करून ठेवलेलं असतं.

मघाशी हा शिवतेज मोबाईलवर बोट ओढत म्हणाला, "जागा संपली, आज्जीचे जुने व्हिडिओ उडवतो." ते ऐकलं आणि माझं डोकं सणकलं, म्हणून सांगतोय. नाहीतर ही गोष्ट मी काढत नाही. जोतीरामच्या घरावरून आजही रोज दुकानात येतो मी. लाइट यायला तासभर आहे. बसायचं तर गप बसा, नाहीतर आत्ताच उठा.

जोतीराम म्हणजे ताठ माणूस. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेली, मिशीला रोज पीळ. तीन वर्षं तो एकाच गोष्टीच्या मागं लागला होता. टीव्हीवर एकदाच लागलेला एक जुना कार्यक्रम त्याला हवा होता. विट्याचं बंद पडलेलं व्हिडिओ पार्लर, इस्लामपूरचे फोटो स्टुडिओ, सांगलीच्या जुन्या बाजारातले कॅसेटचे ढीग, काही म्हणून सोडलं नाही. पोत्यानं कॅसेट आणायचा, माझ्याकडून बुरशी पुसून घ्यायचा आणि रात्र रात्र बघत बसायचा. कुणाचं बारसं, कुणाच्या निवडणुकीची मिरवणूक, कुठली तरी क्रिकेटची मॅच. टीव्ही केंद्राला पत्रं लिहिली. तिकडून उत्तर आलं की त्या काळी टेप पुसून पुन्हा वापरायचे, प्रत शिल्लक नाही. ते पत्र खिशात घालून तो गावभर हिंडायचा आणि शिव्या द्यायचा. "पुसणाऱ्याचं हात झडलं पायजेत," म्हणायचा. त्याचं हे वाक्य लक्षात ठेवा.

त्या कार्यक्रमात त्याची थोरली बहीण होती, तानुबाई. माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं बोरजाईवाडीला दिलेली. सत्याऐंशीच्या दुष्काळात तिथं रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम चाललं होतं. मे महिन्यात भर दुपारी मुरुमाच्या खाणीची कड कोसळली आणि तीन बायका गाडल्या गेल्या. भामाबाई, मनुबाई आणि चिंगूबाई. एक मराठ्याची, एक धनगराची, एक बौद्धवस्तीतली. दरडीनं जात विचारली नाही. संध्याकाळी मढी बाहेर काढली आणि रात्री मुकादमानं हजेरीपटावर तिघींच्या नावापुढं 'गैरहजर' लिहिलं. कामावर नव्हत्याच, म्हणजे कामावर मेल्याच नाहीत. सरपणाला गेल्या होत्या म्हणे. मढ्यांच्या नखात मुरूम आणि कागदावर सरपण!

जूनमध्ये टीव्हीवाले दुष्काळ दाखवायला आले. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. तानुबाईनं डोक्यावरची पाटी खाली टाकली आणि कॅमेऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. सात मिनिटं बोलली. तिन्ही नावं घेतली, मुकादमाचंही घेतलं. आणि ते जसंच्या तसं एका संध्याकाळी टीव्हीवर लागलं.

गावात व्हीसीआर एकाच घरी, शाळेच्या गुरुजींकडं, त्यांच्या मुंबईच्या भावानं दिलेला. गुरुजींनी सगळं कॅसेटवर उतरवून घेतलं आणि ती कॅसेट तानुबाईच्या हातात दिली. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक बारकी खिटी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. गुरुजींनी तिच्यासमोर स्क्रूड्रायव्हरनं ती खिटी मोडली. म्हणाले, "आता हे कुणाला पुसता यायचं न्हाई."

पुढं चौकशी आली तशी गेली. मुकादम म्हणाला, बाई खोटारडी आहे, टीव्हीत असलं काही नव्हतंच. गाव गप्प बसलं. उलट तिलाच 'टीव्हीवाली तानी' म्हणून चिडवायला लागलं. ब्याण्णवच्या फेब्रुवारीत ती छातीच्या दुखण्यानं गेली. जाण्याआधी भाऊ सुट्टीवर आला होता, त्याच्या हातात तिनं ती कॅसेट ठेवली. "ज्योत्या, ह्यात त्या तिघी हायत. माझ्या माघारी जप." हा म्हणाला, "जपतो, आक्का."

तिच्या मागं राहिली दहा वर्षांची पोर, क्रांती. ती आज दहिवडीला शाळेत शिकवते. तलावाला आता कट्टा बांधलाय, दिवे लावलेत आणि काळ्या दगडावर सोनेरी अक्षरात मुकादमाचं नाव कोरलंय, 'यांच्या कष्टातून साकारलेला तलाव'. याच्या कष्टातून! मुकादमाचा नातू उदयसिंह गावचा पुढारी आहे. क्रांतीनं त्याच्याकडं अर्ज केला की त्याच दगडावर खाली त्या तीन बायकांची नावं कोरा. उदयसिंहानं भर ग्रामसभेत सांगितलं, "म्याडम, पुरावा दावा. तेरा तारखेला सकाळी धा वाजता दगडावरचं कापड काढणार. तवर दावलासा तर नावं कोरतो, माझा शबुद हाय. न्हाईतर ह्यो इषय पुन्हा काढायचा न्हाई." एवढा दिलदार झाला, कारण पुरावा कुठंच नाही याची त्याला खात्री होती.

तर बारा तारखेच्या संध्याकाळी जोतीराम माझ्यापुढं उभा होता तेव्हा सतरा तास उरले होते.

"कंची कॅसेट बघायचीय, सुभेदार?" मी विचारलं.

"लग्नाची."

"कुणाच्या?"

"माझ्या."

मी मान वर केली. त्यानं नजर काढून घेतली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. पण तसला विसराळू माणूस बरा. जोतीरामला कळसा कुठं आहे हे पक्कं ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, कारण त्याच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं.

त्र्याण्णवचा मे. खांद्यावर ठेवायचा अवजड कॅमेरा, त्यात हीच मोठी कॅसेट सरळ आत जायची. हळदीतच माझ्याकडच्या कॅसेट संपल्या. लग्नादिवशी सकाळी जोतीरामनं ट्रंकेतली एक आणून दिली. बघतो तर मागची खिटी मोडलेली.

"जोतीराम, ही कुणीतरी राखून ठेवलीय रं."

"आक्काचं कायतरी हाय त्यात. थोडंच हाय. चिकटपट्टी लाव त्या भोकावर, चालतंय."

"मग तेवढं सोडून म्होरं घेतो की."

"छ्या! गणपती मधनंच सुरू करत्यात व्हय गड्या? शुभकार्य हाय. पार मागं ने. पयला गणपती दिसला पायजे."

आपल्याकडं लग्नाच्या कॅसेटला पहिला मान गणपतीचा. त्याच्या आधी एक ठिपकाही चालत नाही. मी भोकावर चिकटपट्टी लावली, टेप पार मागं नेली, देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या फोटोवर कॅमेरा धरला आणि बटण दाबलं. तानुबाईच्या सात मिनिटांवर गणपती चढला, त्यामागून वाजंत्री चढली. त्यात काय आहे म्हणून एका शब्दानं विचारलं नाही मी. ह्या बोटानं दाबलंय ते बटण. ह्या बोटाचा राग तीस वर्षांत गेला नाही माझा.

मी निदान अडाणी होतो. जोतीरामला तर बहिणीनं सांगून दिलं होतं. नवरदेवाच्या घाईत त्यानं ते केलं आणि नंतर एका अक्षरानं कुणाला सांगितलं नाही. क्रांतीनं शोध सुरू केला तेव्हा हाच पुढं झाला, "मी शोधतो, पोरी." दुसरीकडं कुठं एखादी प्रत सापडली तर याला तोंड उघडावं लागणार नव्हतं. तीन वर्षांची वणवण ती एवढ्यासाठी. आणि वर पुसणाऱ्याचे हात झडू देत! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

पट्टा बसवून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "टेपच्या अगदी तोंडाशी... गणपतीच्या आधी... कायतरी उरत आसंल का रं?"

"उरतंय कवा कवा. एखादा-दुसरा सेकंद."

"तेवढं बास. तोंड दिसलं तरी बास. सांगीन सांगलीला भंगारात घावली म्हणून."

"आरं, क्रांतीला खरं सांग की आता."

"तू तुझं काम कर," तो म्हणाला आणि व्हीसीआर काखेत मारून निघून गेला.

पुढचं सगळं त्यानंच दुसऱ्या दिवशी पहाटे मला सांगितलं, माझ्या गाडीत बसून. त्यात माझ्या पदरचं काही नाही.

घरात तो एकटाच होता. बायको इस्लामपूरला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. सव्वाआठला क्रांतीचा फोन आला. मुंबईला गुरुजींचा मुलगा सापडला होता. तो म्हणत होता, कॅसेट तानुबाईनं नेली आणि भावाकडं ठेवते म्हणाली.

"मामा, आईनं तुमच्याकडं कॅसेट दिली हुती?"

"माझ्याकडं? न्हाई बा," जोतीराम म्हणाला.

पोरीनं फोन ठेवला.

त्यानं जेवण केलं नाही. दाराला कडी लावली, खिडक्या लावून घेतल्या. चोरी करायला बसावं तसा टीव्हीपुढं बसला. अकरा चाळीसला त्यानं लग्नाची कॅसेट आत सरकवली.

आधी नुसते ठिपके. मग एक चेहरा. तानुबाई. कपाळावर मुरुमाची धूळ, पदर कानामागं खोचलेला.

"त्या दिशी..."

आणि गणपती.

जोतीराम ढसाढसा रडला. एकतीस वर्षांनी बहिणीचा आवाज कानावर पडला होता, तोही दोन शब्द. डोळे पुसून त्यानं टेप मागं घेतली. पुन्हा लावली.

"त्या दिशी खाणीत..."

गणपती.

त्याला वाटलं, मघाशी रडण्याच्या नादात एक शब्द सुटला असेल. पुन्हा मागं.

"त्या दिशी खाणीत तिघी हुत्या..."

गणपती.

आता त्याचा हात थांबला. कॅसेट पुसली की पुसली. पुसलेलं वाढत नाही. हे मी तुम्हाला मेकॅनिक म्हणून सांगतोय. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि सेकंद मोजले. चार. पुन्हा लावली. नऊ. पुन्हा. बावीस.

दर खेपेला तानुबाई थोडं जास्त बोलत होती. दर खेपेला गणपती थोडा उशिरा येत होता. गणपतीच्या मागं लग्नाचं काय होतंय, तिकडं त्यानं बघितलं नाही. कशाला बघेल? त्याला बहीण मिळत होती. भीती वाटली का, असं मी विचारलं. म्हणाला, भीती नंतर आली. आधी नुसता आनंद होता, वेड्यासारखा. म्हणत होता, आक्कानं माफ केलं मला.

माफ! बघा माणसाची अक्कल. माफी मागितली नाही, चूक कबूल केली नाही आणि माफ केलं म्हणे.

साडेबाराला तीन मिनिटं झाली. एक वाजता पाच. तानुबाईनं भामाबाईचं नाव घेतलं, मनुबाईचं घेतलं. चिंगूबाईचं नाव घेताना तिचा आवाज फाटला. "हजेरीपटावर गैरहजर लिव्हलंय मुडद्यानं. ह्या काय हवेत गेल्या? ह्यांची नावं कोण घिणार? मी घेती. मी घेती आन् घेतच राहणार." मग मुकादमाचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट.

आणि तेव्हा जोतीरामला तिच्या पाठीमागचं दिसलं.

मागं बांध होता. बांधावर तिघी उभ्या होत्या. डोक्यावर पाट्या. अंगभर तांबडी धूळ. हलत नव्हत्या.

टीव्हीवाले आले जूनमध्ये.

त्या तिघी गेल्या मे महिन्यात.

तरी त्याचा हात फोनकडं गेला. हे हातचं जायच्या आत क्रांतीला सांगायला पाहिजे होतं. एक वाजून दहा मिनिटं. टेप चालूच होती. पहिल्या रिंगला तिनं उचललं, ती तरी कुठं झोपली होती?

"क्रांते, घावली! तुझ्या आईची कॅसेट घावली. सगळं हाय. तिन्ही नावं हायत. मुकादमाचं बी हाय!"

तिकडं नुसता हुंदका. मग ती म्हणाली,

"मामा... कुठं घावली?"

टीव्हीतली तानुबाई बोलता बोलता थांबली. कॅमेऱ्याकडं बघत होती ती... जरा मान वळवली. आणि जोतीरामकडं बघितलं.

"ज्योत्या... कुठं घावली?"

फोनमधून आणि टीव्हीतून. मायलेकींचा आवाज. एकच.

त्यानं फोन कानाशी दाबला.

खोलीत काही हलेना. टेप फिरत होती, तेवढाच घर्र आवाज. बांधावरच्या तिघी खाली उतरल्या होत्या... केव्हा उतरल्या, कळलं नाही. तानुबाईच्या दोन्ही बाजूंना उभ्या. चौघी बघत होत्या. चौघी वाट बघत होत्या.

"मामा? सांगा की. कुठं घावली?"

काय सांगायचं होतं त्याला? 'माझ्याकडंच हुती.' एवढंच. दोन शब्द रं! फौजेत गोळ्यांपुढं उभा राहिलेला माणूस. घरात दुसरं कुणी नाही. समोर सख्खी बहीण, कानाशी तिची पोर. दोन शब्दांत चार बायका सुटणार होत्या. मला आज इतक्या दिवसांनीही त्याच्या मुस्काटात मारावी वाटते.

जोतीराम म्हणाला,

"सांगलीला... भंगारात घावली."

तानुबाईनं तोंड मिटलं.

शिवी दिली नाही. काही नाही. बघितलं फक्त. तो म्हणाला, आक्कानं जिवंतपणी माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं.

मग तिनं कानामागचा पदर काढला... आणि तोंडावर घेतला. टीव्हीवाल्यांपुढं जी बाई पदर काढून बोलली होती, तिनं पदर घेतला. खाली वाकली. आपली पाटी उचलली. डोक्यावर ठेवली.

चौघी वळल्या.

खाणीकडं.

"आक्का... आक्का, थांब! माझ्याकडंच हुती! मीच पुसली!"

आता ओरडला. आता! त्यानं बटणं दाबली. मागं घे, थांबव, काही चालेना. धूळ उठली. पडदाभर तांबडी धूळ.

मग... गणपती.

"मामा? मामा, नुसती घरघर ऐकू येतीय. काय झालं?" हातातला फोन बोलत होता. त्यानं बंद केला.

टेप मागं घेतली. गणपती.

पुन्हा. गणपती.

आधीचे मूळचे दोन शब्दसुद्धा नाहीत. पहिल्या ठिपक्यापासून गणपती. तीस वर्षांपूर्वी त्यानं मला सांगितलं होतं ना, पयला गणपतीच दिसला पायजे? अगदी तसं.

पाचला त्यानं माझं दार वाजवलं. "गाडी काढ. व्हीसीआर घे. बोरजाईवाडीला जायचंय." मायणी येईपर्यंत त्यानं हे सगळं सांगितलं. मी म्हणालो, "सुभेदार, आता तरी फोन लाव आन् खरं सांग तिला." तर म्हणतो, "लोकांम्होरं लावल्यावर लागंल परत. आक्का येईल. तिला लोकांम्होरं बोलायचं आसंल." माणूस बुडताना काडी धरतो म्हणतात. ह्यानं काडीसुद्धा खोटी धरली होती.

क्रांतीनं रात्रीतून गाव गोळा केलं होतं. शाळेत टीव्ही मांडलेला, पुढं सगळ्या म्हाताऱ्या बसलेल्या, चिंगूबाईची सून लेकराला घेऊन आलेली. उदयसिंह खुर्चीवर बसला होता, तोंड उतरलेलं. एवढ्यासाठी मात्र मला बरं वाटलं. क्रांतीनं मामाच्या पायाला हात लावला. म्हणाली, "मामा, तुमी हुता म्हणून." जोतीरामनं पाय मागं घेतले.

मी कॅसेट लावली.

गणपती आला. बायकांनी हात जोडले. त्यांना वाटलं, कार्यक्रमाच्या आधीचं असेल. मग वाजंत्री सुरू झाली. मारुतीला निघालेला परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, नाचणारी पोरं, छत्री धरलेला माणूस, फुलं लावलेलं घोडं. कुणीतरी फिसकन हसलं आणि एकदम थांबलं.

घोड्यावर कोणीच नव्हतं.

लगाम ताणलेला होता. छत्री रिकाम्या खोगिरावर धरलेली होती. आणि माझा तरुणपणचा आवाज ऐकू आला, "नवरदेव, इकडं बघा."

मी बंद केलं.

उदयसिंहाच्या तोंडावर रंग परत आला. "सुभेदार, ह्यो पुरावा? रिकामं घोडं?"

क्रांती मामाकडं बघत होती. तिला घोड्याचं काही कळलं नव्हतं, पण वाजंत्री कुणाच्या लग्नातली ते तिनं ओळखलं असावं. त्या लग्नात करवली म्हणून मिरवली होती ती, अकरा वर्षांची.

जोतीराम उठून उभा राहिला. मिशी खाली आली होती.

"पुरावा माझ्याकडं हुता," तो म्हणाला. "आक्कानं जपायला दिल्याला. एकदा माझ्या लग्नात पुसला. दुसऱ्यांदा काल रात्री पुसला, खोटं बोलून. मी सांगतो, त्या तिघी कामावर हुत्या. भामाबाई. मनुबाई. चिंगूबाई."

"नुसत्या तोंडाची काय किंमत?" उदयसिंह उठला. "चला, धा वाजलं."

क्रांती रडली नाही. एकच म्हणाली, "सुभेदार, बसा खाली."

मामा म्हणाली नाही. आजतागायत म्हटलेलं नाही.

दगडावरचं कापड निघालं. सोनेरी अक्षरं, खाली कोरी जागा. टाळ्या चार-दोनच वाजल्या. क्रांती जुन्या खाणीत उतरली, ओंजळभर तांबडा मुरूम आणला, तलावाच्या पाण्यात कालवला आणि बोटानं त्या कोऱ्या जागेवर तीन नावं लिहिली. उदयसिंह पुढं झाला, तशा सगळ्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. तो जागच्या जागी थांबला. पावसानं ती नावं जातात. ती परत लिहिते.

येताना जोतीराम माझ्या दुकानापुढं उतरला आणि कॅसेट सीटवरच ठेवून गेला. ती ही. मीच लावलेली चिकटपट्टी अजून तशीच आहे, पिवळी पडलीय तेवढी.

त्या दिवशी रात्री मी ती शेवटपर्यंत बघितली. लग्नात सगळे आहेत. त्याची आई आहे, भटजी आहेत, करवली क्रांती आहे, पंगतीतला शेवटचा माणूस आहे. एकटा तोच कुठं नाही. पोरांनो, त्याला मी ह्या डोळ्यानं कॅमेऱ्यातून बघितलंय. मुंडावळ्या, घामेजलेलं तोंड, उंच मान, सगळं.

अक्षता पडतात. आंतरपाट बाजूला होतो. नवरी हार घेऊन उभी राहते. माझा आवाज येतो, "नवरदेव, मान जरा खाली." ती हसते, टाचा उंच करते, हार वर नेते... आणि सोडते.

हार खाली पडत नाही.